परिच्छेद चौदा

तो मीच लिहिला.
शिकागोत, एकविसाव्या मजल्यावर, रात्री आठनंतर,
दिवे आपोआप विझायचे तेव्हा
हात हलवून ते पुन्हा लावत:
प्रतिवादीने हे नाव वाईट हेतूने नोंदवले.

प्रतिवादी म्हणजे वेइक्को लाम्पिनेन, वय एक्क्याऐंशी,
डुलुथ, मिनेसोटा. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा.
नाव म्हणजे हेल्मी डॉट कॉम.
हेल्मी म्हणजे मोती, त्याच्या आजोबांच्या फिनिशमध्ये.
हेल्मी म्हणजे त्याची गेलेली बायको,
आणि हे मला तेव्हा ठाऊक होतं.
सरळ लिहून टाकते, कारण शपथेवर
ते मला तीनदा विचारलं गेलं.

त्या पानावर तिचा एक फोटो,
खाली हिवाळाभर रोज एक ओळ:
आज बर्फ अकरा इंच. धक्क्यापाशी पातळ आहे, गाडी नेऊ नका.
एकवीस वर्षं एवढंच.
उन्हाळ्यात पान गप्प.

आमचं अशील क्रीम विकायचं. मोत्यासारखी त्वचा,
छप्पन्न डॉलरला डबी.
कंपनी जन्मली तेव्हा त्याच्या नोंदणीला
अकरा वर्षं उलटली होती.
जो जन्मलाच नव्हता त्याचं नाव चोरायचं कसं,
मी प्रुइटला विचारलं.
तो काट्याने बीट उचलत म्हणाला,
तारीख घालूच नकोस.

आधी आम्ही चार हजार देऊ केले होते, मग नऊ.
म्हाताऱ्याने दोन्ही वेळा एका शब्दात कळवलं.
तो शब्द गाळला, आमची बोली झाकली
आणि लिहिलं, पैशांसाठी अडवून बसला आहे.
चोराच्या उलट्या बोंबा
अशाच मारायच्या असतात, बारा पॉइंटच्या अक्षरात,
मागे परिशिष्टं जोडून,
शेवटी ठरलेलं वाक्य:
वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे पूर्ण व खरा आहे.
खाली सही. माझी.

आमच्या पत्रावर विसंबून
रजिस्ट्रारने पान बंद ठेवलं, डिसेंबर ते मार्च.
त्या तळ्यावर चार महिने बर्फाची ओळ नाही.
कुणी बुडालं नाही.
मी बघत होते, रोज, तिथल्या बातम्या.

त्याच्याकडे वकील नव्हता. पुतणी होती, केर्टू,
शाळेत भूगोल शिकवणारी.
तिने नव्याण्णव सालची पावती जोडली, लग्नाचा दाखला,
आणि आमचे दोन्ही ईमेल, तारखांसकट.

तीन पंचांनी नऊ पानं लिहिली, आठ कोरडी.
नवव्यावर: तक्रार वाईट हेतूने केलेली आहे,
हा प्रक्रियेचा गैरवापर आहे.
दंड नाही, तो त्यांच्या हातात नसतो.
ऑफिसात हशा झाला. एका ओळीने काय होतंय,
प्रुइट म्हणाला, खडा टाकून पाहिला.

ती ओळ घेऊन केर्टू वकिलाकडे गेली,
वकील फेडरल कोर्टात.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून विचारलं,
कंपनी केव्हा स्थापन झाली हे तुम्हाला माहीत होतं?
मी पाण्याचा ग्लास उचलला, ठेवला.
हो.
जाणूनबुजून खोटं विधान, म्हणून नुकसानभरपाई,
म्हणून समोरच्या वकिलाची फी, पै न् पै,
म्हणून अशिलाने फर्मला सोडलं
आणि फर्मने मला. प्रुइट अजून आहे तिथे.

आता कुणी माझं नाव शोधलं
की आधी तो निकाल वर येतो.
मुलाखतीला बसलेला माणूस माझ्याकडे बघायच्या आत
स्क्रीनकडे बघतो, मी त्याचा चेहरा ओळखते.
माझं नाव माझ्या ताब्यात नाही, अशी तक्रार
करू कुठे, आणि कुठल्या हेतूने?

वेइक्को ऑक्टोबरात गेला. ओळी केर्टू लिहिते,
काकांपेक्षा थोड्या लांब.
आज: नऊ इंच. उत्तरेला भेग पडली आहे,
पलीकडे मासेमारीच्या दोन झोपड्या आहेत,
त्यांना कुणी फोन केला का?